गोळी चालू ठेवून सुई: मुंबईत ॲक्युपंक्चर घेताना

ताईंना डब्याचं झाकण उघडेना, तिथून हे सगळं सुरू झालं.

ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, राहायला लालबागला. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन पार पडलं आणि रोजची लेट्रोझोलची गोळी सुरू झाली, पाच वर्षांसाठी. चार-पाच महिन्यांत सकाळी उठल्यावर बोटं वळेनात. कणीक मळायला मूठ बसेना, चाळीचा जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पाऊल. परळच्या ओपीडीत "काही त्रास?" असं विचारलं की ताई "नाही, बरं आहे" म्हणून उठायच्या. एवढं मोठं दुखणं गेलं, आता सांधे दुखतात हे काय डॉक्टरांना सांगत बसायचं, हा त्यांचा हिशेब. मनात मात्र गोळी सोडायचं ठरत आलं होतं. एका रविवारी मला हळूच म्हणाल्या, "आठवड्यातून दोनदाच घेतली तर काय बिघडतंय गं?"

बिघडतं. ही गोळी शरीरात तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी करते, म्हणून कॅन्सर परतण्याची शक्यता घटते. पण इस्ट्रोजेन कमी झालं की सांधे आखडतात, आणि बायका गोळी मध्येच सोडतात त्याचं एक मोठं कारण हेच सांधे. चाळीतल्या एका काकूंनी ॲक्युपंक्चरच्या सुया लावून घ्यायचं सुचवलं तेव्हा मी हसले होते. पुढच्या ओपीडीला ताईंसोबत मी गेले आणि डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "घ्या की. पण गोळी सोडायची नाही, आणि ब्लड रिपोर्ट मला दाखवल्याशिवाय सुरू करायचं नाही."

त्यानंतरच्या तीन महिन्यांत ताईंसाठी, आणि पुढे माझ्या मानेसाठी, जे शिकले ते क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही. बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे, त्यामुळे आकडे आणि पावत्या जपून ठेवायची सवय तेवढी आहे.

आधी निदान, मग सुई

दुखणं कशाचं आहे हे कळल्याशिवाय सुई लावून घेऊ नका. सुईने वेदना कमी झाली आणि आतला आजार तसाच वाढत राहिला, तर ते बरं होणं नव्हे.

कंबर दुखतेय आणि सोबत पायातली ताकद गेलीय, लघवी-संडासवरचा ताबा सुटलाय, जांघेत बधिरपणा आलाय, तर थेट कॅज्युअल्टी. ताप, विनाकारण उतरलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारी कंबरदुखी असेल तर आधी डॉक्टर आणि तपासण्या. आयुष्यात कधी झाली नाही अशी अचानक, वीज पडावी तशी डोकेदुखी, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, हेही सुयांचं काम नाही. छातीत दुखून घाम फुटला तर मनगटावरचा कुठलाही बिंदू दाबत बसू नका. हे लिहावं लागतं, कारण असं बसणारे लोक मी आमच्याच मजल्यावर पाहिलेत.

कशाला उपयोग होतो, कशाला नाही

मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांमध्ये ॲक्युपंक्चर मुतखड्यापासून थायरॉइडपर्यंत सगळ्यावर चालतं. ते सोडून द्या. ज्यांचा पुरावा बऱ्यापैकी आहे ती यादी छोटी आहे.

मायग्रेन आणि ताणामुळे होणारी रोजची डोकेदुखी यांत झटक्यांची संख्या कमी व्हायला मदत होते. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेने, म्हणजे नाइसने, २०१२ साली जुनाट ताणाच्या डोकेदुखीसाठी पाच ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त १० सिटिंग, असा कोर्स सुचवला. केमोनंतरची आणि ऑपरेशननंतरची मळमळ-उलटी यांसाठी उपयोग होतो, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी १९९७ सालीच मान्य केलं होतं. अर्थात मळमळीच्या गोळीच्या जोडीला.

कंबरदुखीवर मात्र मोठ्या संस्थांचंच एकमत नाही. २०१६ साली नाइसने कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका म्हटलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने औषधांच्या आधी करून पाहायच्या उपायांत ते घातलं. पुरावे साधारण तेच, वाचणारे वेगळे. आपल्याकडे घरात दोन वडीलधाऱ्यांचं एका पत्रिकेवरून होतं तसं.

ताईंच्या त्रासाबद्दल थेट अभ्यास आहे. २०१८ साली अमेरिकेत लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सांधे दुखणाऱ्या २२६ स्त्रियांचे तीन गट केले. एका गटाला खऱ्या सुया, दुसऱ्याला चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या नकली सुया, तिसऱ्याला नुसतं थांबायला सांगितलं. सहा आठवड्यांनी खऱ्या सुयांच्या गटात वेदना दहापैकी सरासरी दोन गुणांनी कमी झाली, बाकी दोन्ही गटांत सुमारे एका गुणाने. ताईंना मी हे आकडे आधीच सांगितले. आठाचे सहा होतील, शून्य होणार नाही, हे माहीत असलं की मन खट्टू होत नाही.

आता नकली सुईचा मुद्दा निघालाच आहे तर जर्मनीतला कंबरदुखीचा मोठा अभ्यासही सांगते. २००७ साली तो प्रसिद्ध झाला, त्यात ११६२ रुग्ण होते. खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के लोकांना फरक पडला, नकली सुयांनी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या औषध-व्यायामाने २७.४ टक्क्यांना. याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावला. मला वाटतं, अर्धा तास पडून राहायचं, फोन बंद, कोणीतरी आपलं दुखणं शांतपणे ऐकून घेतंय, याचाही त्या आकड्यात वाटा असणार. मुलुंड ते सीएसएमटी तीस वर्षं लटकून गेलेल्या माझ्या मानेला असा अर्धा तास याआधी कधी मिळाला होता? म्हणून माझी मान सैल झाली ती सुयांनी की त्या अर्ध्या तासाने, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आणि कशाला नाही? मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, जंतुसंसर्ग यांवरची औषधं सुईने सुटत नाहीत. कॅन्सरच्या गाठीवर तर सुईचा काहीही इलाज नाही. ती फक्त उपचारांचा त्रास हलका करते. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांसोबत सुया घेतल्याने मूल होण्याची शक्यता वाढते असंही सांगितलं जातं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८४८ स्त्रियांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खऱ्या आणि नकली सुयांमध्ये फरक दिसला नाही. त्या उपचाराचा खर्च आधीच डोक्यावरून पाणी असतो, त्यात ही भर घालण्याआधी दोनदा विचार करा.

डॉक्टरांना कसं विचारायचं

पुष्कळ लोक सांगतच नाहीत. डॉक्टर रागावतील, हसतील अशी भीती. रागावले तरी चालतील, पण सांगा. ओपीडीत आपल्या वाट्याला चार-पाच मिनिटं येतात, म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्या. आम्ही नेलेला कागद असा होता:

"लेट्रोझोल चालूच ठेवणार आहोत. सांधेदुखीसाठी आठवड्यातून दोनदा सुया लावून घ्यायच्या आहेत. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी ठीक आहेत का? डाव्या हाताला सुई चालेल का?"

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. ताईंच्या डाव्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत. अशा हाताला सूज येण्याची आणि जंतुसंसर्गाची भीती असते, म्हणून त्या हातावर सुई नको असं डॉक्टरांनी केसपेपरवर लिहूनच दिलं. पुढे सुया लावणाऱ्या मॅडमना आम्ही तोच कागद दाखवला.

तुमच्या बाबतीत कागदावरचे प्रश्न वेगळे असतील. केमो चालू असेल तर पांढऱ्या पेशी कधी खाली जातात हे विचारून तेवढे दिवस सुया टाळा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर तसं सांगा. बारीक सुईने सहसा थोडं काळं-निळं होण्यापलीकडे काही होत नाही, पण वॉरफरिनवाल्यांनी ताजा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा रिपोर्ट, दाखवावा आणि खोल सुया टाळाव्यात. सुयांसाठी म्हणून ही गोळी स्वतःहून बंद करू नका. एका सिटिंगपायी स्टेंट बंद पडण्याचा किंवा लकव्याचा धोका कशाला पत्करायचा? पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडायची नाही. गरोदर असाल तर पहिल्या वाक्यातच सांगा. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातला बिंदू आणि घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वरचा बिंदू गरोदरपणात टाळायचा, अशी परंपराच आहे. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर पायाला सुई आणि शेक, दोन्हींबाबत जपून. हृदयाची झडप बदललेली असेल, फिट येत असतील, तर तेही लपवू नका.

सुया लावणारा माणूस निवडताना

मुंबईत या बाबतीत एक सोय आहे. महाराष्ट्राने २०१५चा ॲक्युपंक्चर कायदा केला आणि त्याखाली ॲक्युपंक्चर परिषद नेमली. केंद्र सरकारनेही २०१९ साली ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. त्यामुळे पहिला प्रश्न हाच: तुमचा नोंदणी क्रमांक काय? भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेलं असेल तर जवळ जाऊन वाचा. दहा दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्रही फ्रेममध्ये तितकंच भारदस्त दिसतं.

नोंदणी असली म्हणजे ती व्यक्ती एमबीबीएस आहे असं नव्हे. सुया लावण्याचा अधिकार वेगळा, तुमच्या हृदयाच्या गोळ्या बदलण्याचा वेगळा. काही फिजिओथेरपिस्ट ड्राय नीडलिंग करतात. सुई तीच, पण ते चिनी नाड्यांचा विचार न करता आखडलेल्या स्नायूची गाठ शोधून तिथे टोचतात. ॲक्युप्रेशर म्हणजे नुसता दाब, त्यात सुई नाही. आयुर्वेदातलं विद्धकर्म (सुईने टोचणं) आणि अग्निकर्म (तापवलेल्या सळईचा चटका) हे आणखी निराळं. दादरला एका पाटीवर हे सगळं एकाच ओळीत लिहिलेलं पाहिलं. अशा ठिकाणी नेमकं काय करणार आहात हे तोंडावर विचारावं.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते केंद्र चकचकीत होतं. तिथल्या गृहस्थांनी ताईंची नाडी पाहिली, जीभ पाहिली, फाइल मात्र उघडलीसुद्धा नाही. मग म्हणाले, "ही गोळीच सगळ्या दुखण्याचं मूळ आहे. महिनाभर बंद ठेवा, मी बघतो." वर ३० सिटिंगचं पॅकेज, पैसे आगाऊ भरले तर पाच सिटिंग फुकट. ताईंच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला त्याने माझ्या पोटात गोळा आला, कारण त्यांना हेच ऐकायचं होतं. मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि खाली रसवंतीवर नेऊन बसवलं. चालू औषध बंद करायला सांगणारा, फाइल न वाचणारा आणि आगाऊ पॅकेज विकणारा, या तिघांपैकी एक जरी भेटला तरी उठावं. आम्हाला तिघेही एकाच खुर्चीत भेटले.

दुसरीकडच्या मॅडमनी आधी केसपेपर वाचला, डाव्या हाताची चिठ्ठी आपल्या कार्डावर उतरवून घेतली आणि म्हणाल्या, "सहा सिटिंगनंतर बघू. फरक नसेल तर मीच थांबवेन." पैसे दर वेळचे दर वेळी, पावतीसह.

जागा घराजवळची घ्या. हा सल्ला क्षुल्लक वाटेल, पण अर्धे लोक इथेच गळतात. आठवड्यातून दोनदा म्हणजे सहा आठवड्यांत बारा फेऱ्या. सुया काढल्यावर अंग हलकं, कधी डोकं गरगरल्यासारखं होतं. त्या अवस्थेत संध्याकाळी सहाची विरार फास्ट पकडायची म्हणजे मिळालेला आराम अंधेरीच्या आत संपला. आम्ही दुपारी बाराची वेळ घेतली, लालबागहून चालत जाता येईल अशा ठिकाणी. खर्चाचा हिशेबही आधीच मांडा: एका सिटिंगची फी गुणिले बारा, अधिक टॅक्सी. आरोग्य विमा यात बहुतेक वेळा कामी येत नाही, म्हणून पॉलिसीत हे बसतं का ते विमा कंपनीला सुरुवातीलाच लेखी विचारलेलं बरं.

पहिल्या दिवशी

उपाशीपोटी जाऊ नका. उपास असेल तर त्या दिवशीची वेळ बदला. रिकाम्या पोटी, घाबरलेल्या अवस्थेत सुई लागली की चक्कर येते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर जेवणाची वेळ अजिबात चुकवू नये. पहिली सिटिंग झोपूनच घ्या, बसून नको. सलवार किंवा गाउन असा की गुडघ्यापर्यंत वर घेता येईल. आणि पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यातून चालत गेला असाल तर आधी पाय साबणाने धुवायला मागा. लाजू नका. त्या पाण्यावरून सुई आत जाणार आहे.

सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे. "हे माझे वेगळे सेट आहेत, उकळून ठेवतो," असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. वापरलेल्या सुयांतून हिपॅटायटिस बी पसरल्याची उदाहरणं जगात नोंदलेली आहेत. एकदाच वापरायची सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची, भरीव आणि लवचिक असते. इंजेक्शनची नेहमीची सुई याच्या दुपटीहून जाड आणि पोकळ. त्यामुळे बरेचदा टोचल्याचं कळतही नाही. कळतं ते नंतर: त्या जागी जडपणा येतो, मुंग्या येतात, आतून कोणीतरी ओढल्यासारखं वाटतं. चिनी लोक त्याला ‘दे-ची’ म्हणतात आणि ते चांगलं लक्षण मानतात. पण झणझणीत कळ गेली, जळजळलं, तर लगेच सांगा. सहन करण्यात काही शौर्य नाही. मॅडमनी ताईंना पहिलीच सूचना ही दिली होती, कारण ताईंसारख्या बायका "चालेल, चालेल" म्हणत पडून राहतात.

सुया वीस-तीस मिनिटं ठेवतात. काही ठिकाणी सुयांना छोट्या क्लिपा लावून हलका करंट सोडतात. काही ठिकाणी एका सुगंधी वनस्पतीची वळलेली कांडी पेटवून शेक देतात, त्याला मोक्सा म्हणतात. दम्याच्या माणसाने त्या धुराला नाही म्हणावं.

खांदा, मानेचा खालचा भाग, छाती आणि पाठीचा वरचा भाग इथे सुई किती खोल जातेय याला महत्त्व आहे, कारण खाली फुप्फुस आहे. क्वचित घडतं, पण फुप्फुसाला छिद्र पडू शकतं आणि त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. घरी आल्यावर श्वास घेताना छातीत कळ येऊ लागली, दम लागू लागला, तर झोपून बघू असं न म्हणता कॅज्युअल्टीत जा आणि "आज इथे सुया लावल्या होत्या" हे आवर्जून सांगा.

आणि सुया मोजा. लावताना किती, काढताना किती. माझ्या मानेच्या चौथ्या सिटिंगला गर्दी होती, मदतनीस मुलीने घाईत सुया काढल्या. कुर्ल्याला गाडीत केसांत हात घातला तर कानामागे काहीतरी खरखरलं. ओढून काढलं तर दीड इंची सुई, टोकाला गुंडाळलेली तांब्याची तार, बोटांत लख्ख चमकतेय. शेजारची बाई माझ्याकडे अशी बघत होती की मी काही करणी-बिरणी करतेय. टिफिनच्या रिकाम्या डबीत टाकून ती परत नेऊन दिली. तेव्हापासून मी झोपतानाच म्हणते, "मॅडम, आज किती?" त्या म्हणतात, "चौदा." काढताना मी मोठ्याने मोजते. त्यांनाही आता सवय झालीय. वापरलेल्या सुया टोचणार नाहीत अशा पांढऱ्या, अर्धपारदर्शक डब्यात जायला हव्यात, साध्या कचऱ्याच्या डब्यात नाही. तो डबा खोलीत दिसतो का, हे पाहिलं तरी त्या जागेची निम्मी परीक्षा होते.

वही

फरक पडला की नाही हे आठवणीवर सोडू नका. बरं वाटावं असं वाटत असलं की बरं वाटतंच. ताईंसाठी मी नातवाची अर्धी कोरी वही घेतली. रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या: सकाळचं दुखणं दहापैकी किती, पेनकिलर किती घेतल्या, आणि एक रोजचं काम. काम ताईंनीच निवडलं, पोळ्या. सुया सुरू होण्याच्या आधीचे दोन आठवडेही लिहून काढले, नाहीतर तुलना कशाशी करणार?

त्या वहीतल्या काही ओळी अशा:

"सोमवार. ८. गोळ्या २. पोळ्या ३, मग सूनबाईने लाटल्या."

"सिटिंग ४. दुखणं ७. गोळी १. पोळ्या ५. उजवा अंगठा तसाच."

"सिटिंग ७ नंतर दोन दिवस जास्त दुखलं. ८. मॅडमना सांगितलं."

"सिटिंग ११. दुखणं ५. गोळी नाही. पोळ्या ९. लोणच्याची बरणी उघडली."

मध्येच आकडा वर जातो, त्याने घाबरू नका. सुयांनंतर एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं. पण सहा सिटिंगमध्ये वहीत काहीच हललं नाही तर मोकळेपणाने बोला, आणि दहा-बारा सिटिंगमध्येही नाही हललं तर थांबा. आणखी दहा घेतल्या की होईल, ही आशा महाग पडते. अमेरिकेतल्या त्या अभ्यासातही सहा आठवडे दोनदा आणि पुढचे सहा आठवडे एकदा, एवढंच होतं. आम्ही तेच वेळापत्रक धरलं.

औषधांचं काय

दुखणं कमी झालं की पहिली कात्री पेनकिलरला लागते, आणि ती लागावीही. कधीतरी घ्यायची गोळी आपोआप कमी होते. रोजची ठरलेली गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच. मायग्रेनसाठी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांनी, डोकं थांबलं म्हणून ती एका दिवसात बंद करू नये. अचानक सोडली तर हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उसळू शकतात. फिटच्या, मधुमेहाच्या, थायरॉइडच्या गोळ्यांचा तर सुयांशी काही संबंधच नाही. सुयांसोबत कोणी पुड्या किंवा काढे देऊ लागलं तर नावं लिहून मागा. नाव सांगता येत नसेल तर घेऊ नका. केमोवाल्यांनी हे दुप्पट पाळावं.

घरी करता येण्यासारखी एक गोष्ट

केमोच्या किंवा प्रवासाच्या मळमळीसाठी मनगटावरचा बिंदू स्वतः दाबता येतो, सुई लागत नाही. तळहात वर करा. जिथे तळहात संपतो त्या मनगटाच्या घडीपासून कोपराच्या बाजूला दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा. तिसऱ्या बोटाच्या कडेला, मनगटाच्या मध्यावर, मूठ आवळली की दोन दोरीसारखे स्नायूबंध वर येतात. त्या दोहोंच्या मधल्या खोबणीत अंगठ्याने दोन-तीन मिनिटं घट्ट दाबा, मग दुसरा हात. बोटं स्वतःचीच मोजायची, दुसऱ्याची नाही, कारण माप आपल्या अंगाचं. चिनी भाषेत या जागेला नेइग्वान म्हणतात. ताई केमोच्या दिवसांत ओपीडीबाहेरच्या बाकावर दाबत बसायच्या, पण डॉक्टरांनी मळमळीसाठी दिलेली ऑनडॅन्सेट्रॉनची गोळी आधी घेऊन.

जाता जाता एक गैरसमज. ॲक्युपंक्चर आपल्याकडे डॉ. कोटणीसांनी आणलं, असं बरेच जण अभिमानाने सांगतात. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले, म्हणजे ताईंच्या ओपीडीपासून हाकेच्या अंतरावर. १९३८ साली ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले हेही खरं. पण ते सर्जन होते, आणि १९४२ साली तिथेच वारले. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू पुन्हा चीनला गेले, १९५८च्या सुमारास ही विद्या शिकले आणि त्यांनी ती भारतात आणली. विशेष म्हणजे दोघेही आपल्याच पद्धतीचे, स्टेथोस्कोपवाले डॉक्टर.

ताईंच्या अठरा सिटिंग झाल्या. दुखणं आता बहुतेक चारवर असतं, पावसाळी हवेत पाच. जिना अजून कठड्याला धरूनच उतरतात. गेल्या ओपीडीला "काही त्रास?" विचारल्यावर त्यांनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी चार-पाच पानं उलटली, केसपेपरवर ॲक्युपंक्चरची नोंद केली, लेट्रोझोल पुढच्या तीन महिन्यांसाठी लिहून दिली आणि विचारलं, "नऊ पोळ्या कोणासाठी?"